इल महिन्यातली हू

"तोंड दिलंय न्हवं देवानं? मग घाला की एक हू. पोरगी तीन दिस झालं मागं लागलीया."

"तोंड भात खायाला दिलंय."

"आन् मला बोल लावायला."

"त्यो जोडधंदा."

बिसोमेणिकेनेन्दानं खोवलेल्या नारळाची करवंटी चुलीपाशी टाकली आणि माझ्याकडं वळली. नेन्दा म्हणजे माझी मामी. "बघ बाबा, तूच बघ. लगीन हून बेचाळीस वरसं झाली. ह्यांला जेवायला बलवायचं म्हंजी म्या हितनं हू घालायची, आन् ह्यांनी वर माडावरनं मडकं बडवायचं. टक टक. नवरा केलाय का सुतारपक्षी, अजून उमगंना मला."

पायरीवर बसलेली इरोमी हसली. शहरातून पाखरांची नोंद करायला आलेली पोर. एका हातात कोऱ्या चहाचा पेला, दुसऱ्या तळव्यावर गुळाचा खडा. खडा चाटायचा, वर चहाचा घोट घ्यायचा, हे तिला पहिल्याच दिवशी जमलं होतं, म्हणून नेन्दाला ती आवडली होती.

"सीया, एकदाच," ती म्हणाली. आजोबाला आमच्यात सीया म्हणतात. "गावात सगळे सांगतात, मयिलगोया पाखराचा आवाज तुमच्याइतका हुबेहूब कुणी काढत नव्हतं."

"नव्हतं म्हणत्यात न्हवं? मग झालं तर. मेलेल्या बैलाला दूध काय पुसायचं."

"बैलाला?" नेन्दा म्हणाली. "बघा, म्हशीचा बैल केला. ध्यान हाय का ठिकाण्यावर?"

कपुरुहामीमामाचं ध्यान ठिकाणावर नव्हतंच. तो समोरच्या कळुगल डोंगराच्या उताराकडं बघत होता.

आमच्या मीदुमतेन्नात वाट कधी मैलानं मोजत नाहीत, हू-नं मोजतात. तोंडाच्या कडेला हात धरून पोटातनं हू घातली की ती जिथवर पोचते, तेवढी एक हू. कुणाचं घर एक हू, कुणाचं शेत दोन हू. आणि रानात शिरलं की हू हीच भाषा. रानात माणसाला नावानं हाक मारायची नाही, नात्यानंही नाही. अय्या नाही, मल्ली नाही, दादा-धाकल्या काही नाही. नाव ऐकलं की रानातलं जे काही असतं ते नाव शिकून घेतं आणि मग त्या नावानं बोलावत राहतं, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून नुसती हू. आणि हू आली की उलटी हू द्यायची. हूला हू. ओळखीची असो, वैऱ्याची असो. उत्तर दिलं नाही तर माणूस नव्हे.

असल्या गावात कपुरुमामानं एकतीस वर्षांत हू घातलेली नाही. रानात जाताना तो कंबरेला पत्र्याचं झाकण बांधतो आणि कोयत्याच्या मुठीनं ते वाजवतो. नवखी माणसं हसतात. जुनी हसत नाहीत.

त्याचं कारण सांगायचं म्हणजे भट्टीपासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा दुंबरच्या डोंगरात वेलदोडा होता. वरची मोठी झाडं सावलीला ठेवायची, खालचं रान साफ करायचं आणि वेलदोडा लावायचा. डोंगरातच त्याच्या भट्ट्या. कळुगलच्या पायथ्याला आमची भट्टी होती आणि मामा भट्टीचा आगवाला. खुडणारे शंभर मिळतात, आगवाला एखादाच निपजतो. दीड दिवस, एकसारखी ऊब. जरा चढली की वेलदोडा फुटला, जरा उतरली की हिरवा रंग गेला आणि माल मातीमोल. आगवाल्यानं आगीपासनं उठायचं नसतं. लघवीला गेला तरी दुसरा माणूस बसवून जायचं. मामा तर तेही शक्यतो टाळायचा. आगीशी त्याचं असं होतं, की आतल्या मालाचा वास घेऊन तो सांगायचा, डाव्या कोपऱ्यातली चटई हलवा.

धाकटा मामा सुदुबंडा खुडायच्या टोळीत होता. बडबड्या, गाणी म्हणणारा, कामात आळशी, पण सगळ्यांना हवा असणारा. इल महिन्यात, थंडी-धुक्याच्या दिवसांत, शेवटची खुडणी चालली होती. त्या दिवशी दुपारीच धुकं असं उतरलं की भट्टीच्या दारातून समोरची लाकडाची रास दिसेना. टोळी लवकर खाली आली. सुदुबंडा आला नाही. आला असेल दुसऱ्या वाटेनं, जाऊन झोपला असेल, असं सगळ्यांनी धरलं, कारण तो तसा होताच.

आम्ही तिघं-चौघं भट्टीत माल निवडत बसलो होतो. तेव्हा वरनं, कळुगलच्या अंगानं, हू आली. जाडसर, लांब, धुक्यानं भिजलेली.

मामानं मान वर केली. आत दीड दिवसाचा घाणा शेवटाला आला होता. आणखी दोन घटका सांभाळला की पार.

परत आली. पहिलीपेक्षा बारीक.

"मयिलगोया बोलतोय," मामा म्हणाला आणि आगीत लाकूड सारलं.

मयिलगोया म्हणजे आमच्या डोंगरातलं रानकबूतर. पारव्यापेक्षा दांडगं, राखी, मानेवर काळ्यापांढऱ्या चौकड्या, जसा कुणी सोंगट्यांचा पट रंगवून ठेवलाय. लाजरं. रानदालचिनीच्या फळाला येतं, उंच शेंड्यात बसतं आणि घुमतं. त्याचं घुमणं ऐकून घुबड म्हणावं की माणूस म्हणावं, कळत नाही. मामा खोटं बोलला नव्हता. कळुगलच्या उतारावर रानदालचिनीची सात झाडं होती आणि फळ पिकलं की तिथं मयिलगोयांचे थवे उतरायचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसरी हू आली नाही.

सुदुबंडा दुसऱ्या दिवशी सकाळी घळीत सापडला. मांडीचं हाड मोडलेलं, अंगावर जळवा. उजवा हात तोंडाच्या कडेला तसाच. घाणा मात्र उत्तम उतरला होता, मालकानं वाखाणला.

सातव्या दिवसाचं दान झालं, भिक्षू जेवून गेले, आणि मामा कुऱ्हाड घेऊन कळुगलवर गेला. चार दिवसांत त्यानं सातही झाडं पाडली. ओलं लाकूड भट्टीत घातलं. धुरानं सगळा घाणा काळा पडला. एवढ्या वर्षांत मामाच्या हातून बिघडलेला तेवढाच एक. "माझ्या भावाचा आवाज चोरला त्यांनी," एवढंच तो बोलला. गावानंही तेच धरलं. मयिलगोयानं फसवलं. पाखराचा आवाजच तसला, त्याला कपुरुहामी तरी काय करणार. हे इतक्यांदा बोललं गेलं की पायाखालच्या दगडासारखं गुळगुळीत झालं. पुढं सरकारनं डोंगर राखीव केला, वेलदोडा बंद झाला, भट्टीचं छप्पर बसलं. मामा भेर्ली माडाच्या रसाकडं वळला आणि गूळ करू लागला. पण उभा राहिला तो त्या एका वाक्यावर. त्या दिवशी पाखरू बोलत होतं.

म्हणून तर इरोमी आल्यापासून तो अस्वस्थ होता. तिला तो हू घालून देईना, पण तिच्या वहीकडं सारखा बघायचा. मयिलगोया कमी होत चाललाय, कुठल्या उतारावर किती उरलाय ते लिहायचं, असं तिचं काम. चौथ्या दिवशी पहाटेचा रस उतरवून झाल्यावर तो आपणहून म्हणाला, "चल दुवे, चल पोरी. कळुगल दाखवतो. पर एक हाय. म्या सांगीन त्ये तुझ्या वहीत ल्ह्यायचं."

"लिहीन की, सीया. त्यासाठीच आलेय."

"सरकारच्या वहीत ऱ्हातं न्हवं ते?"

"कायमचं."

मामानं मान हलवली. मला म्हणाला, "तूबी चल. साक्षीला."

आम्ही तिघं निघालो. पायांना साबण चोळला, जळवांसाठी. रानाच्या तोंडाशी मामानं डहाळी मोडून देवाच्या झाडाला अडकवली, मीही अडकवली. इरोमीनं आमचं बघून अडकवली, तिची खाली पडली, मामानं उचलून नीट लावून दिली. मेदिन महिना होता, थंडी सरलेली. आभाळ स्वच्छ, उतारावर ऊन, आणि रान कसं, घर झाडून माणसं कुठं गेल्यासारखं. वाटेवर एक-दोनदा बुलबुल बोलले. इरोमी दर थोड्या वेळानं थांबायची, हात वर करायची, की आम्ही गप्प. मग काहीतरी लिहायची. तिच्या तोंडावरून कळायचं की लिहिण्यासारखं काही नाही.

कळुगलवर सातांपैकी पाच बुंधे अजून दिसत होते. शेवाळलेले, मधनं कुजलेले. त्यांच्यामधून बिनकामाची झुडपं वाढलेली.

"ही कसली होती?" तिनं एका बुंध्यावर हात फिरवला, ढलपी काढून हुंगली. "रानदालचिनी?"

"व्हय."

"एवढी मोठी? सीया, जुन्या कागदांत या उताराचं नाव आहे. थवा दिसल्याचं. मी तीन वर्षं या हंगामात येतेय पलीकडच्या बाजूनं, एकसुद्धा नाही. आता कळलं. कुणी तोडली?"

"म्या."

"कशाला?"

"भट्टीला."

तिनं लिहून घेतलं.  तिच्या जागी मी असतो तर शिवी घातली असती. ती नुसती बुंधे मोजत राहिली.

मामा एका बुंध्यावर टेकला. "आता माझं ल्ही."

"सांगा."

"कळुगलच्या उताराला मयिलगोया व्हता. ह्या झाडांवर. म्या सोता ऐकलाय. दोन डाव बोलला. दुपार टळल्यावर. धुकं व्हतं." तो एकेक शब्द ठेवत होता, जसा गूळ साच्यात ओततात. "इल महिना."

तिचा हात थांबला. "इल?"

"इल."

"नाही सीया, महिना चुकतोय तुमचा. मयिलगोया जोडीच्या दिवसांतच घुमतो. थंडी सरल्यावर, नवम ते वेसक. चुकून कधी त्यापुढं. इलात तो असला तरी तोंड उघडत नाही."

"म्या ऐकलाय."

"मग दुसरं काहीतरी असेल. घुबड. किंवा कुणी माणूस. त्याची आणि माणसाची हू फार सारखी. आमच्यातलेसुद्धा फसतात." ती सहज बोलत होती. तिला काय माहीत. "हे मी लिहू शकत नाही. बाकीचं लिहिते."

मी जमिनीकडं बघत होतो. आमच्या गावातल्या कुठल्याही म्हातारीनं हे सांगितलं असतं. मयिलगोया नव्या वर्षाच्या आगंमागं बोलतो, फणस भरायला लागतात तेव्हा. पण कुणी कुणाला विचारलं नाही, आणि न विचारता असलं सांगायची आमच्यात रीत नाही.

मामानं बुंध्यावरचं शेवाळ नखानं खरवडलं. मग म्हणाला, "तुझ्या त्या डबीत हाय का त्याचा आवाज?"

"आहे. दक्षिणेकडच्या डोंगरात घेतलेला." तिनं पिशवीतून यंत्र काढलं, बटण दाबलं.

हू. थोडं थांबून परत, हू.

 लहानपणचा सगळा उतार त्या आवाजात होता.

"परत लाव."

तिनं लावलं.

"आनिक एकदा."

तिसऱ्यांदा ऐकताना मामानं डोळे मिटले होते. "ह्यो आवाज बसतोय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शेवटाला खाली बसतोय. कोंबडी बसती अंड्यावर तसा. मानसाची हू शेवटाला उठती. वर जाती. तिला कुनीतरी यायला पायजे असतं."

"अगदी बरोबर," इरोमी खुलली. "हाच फरक. हा आम्हाला आलेख काढून बघावा लागतो आणि तुम्ही तीनदा ऐकून सांगितलात. काय कान आहे तुमचा, सीया."

"कान हाय," मामा म्हणाला. "कान पयल्यापासनं चांगला हाय."

ऊन बुंध्यावरनं सरकून त्याच्या गुडघ्यावर आलं. इरोमीनं यंत्र पिशवीत ठेवलं आणि पुन्हा तिचा जुना हट्ट धरला. "मग आता एक घालाच. बसणारी. एखादा चुकार जरी असला ना खाली घळीत, तर ऐकून उलटा बोलेल. निदान एक तरी लिहिता येईल मला कळुगलच्या नावावर."

मला वाटलं आता मामा उठणार आणि झाकण वाजवत घरला जाणार. तो उठला. पण घळीच्या कडेला जाऊन उभा राहिला. उजवा हात तोंडाच्या कडेला धरला. आणि पोटातनं हू घातली.

म्हातारी हू होती. मधे चिरली. पण शेवटाला उठली, वर गेली, घळीच्या पलीकडं कड्याला लागून बारीक होऊन परत आली.

इरोमी दम धरून ऐकत होती. काही बोललं नाही. पानसुद्धा हललं नाही.

"सीया," ती हळूच म्हणाली, "ही माणसाची झाली."

"व्हय. मानसाचीच."

त्यानं दुसरी घातली. त्या दिवशी आल्या तितक्याच घातल्या, दोन. मग झाकण कंबरेला नीट खोवलं आणि उतरायला लागला. इरोमीनं वहीत एक ओळ लिहिली. मागून मला दिसली. कळुगल, असं लिहून पुढं शून्य काढलं होतं.

खाली ओढ्यापाशी ती पाणी प्यायला थांबली. आम्ही दोघं पुढं होतो. मामा पायाची जळू काढत बसला आणि वर न बघता मला म्हणाला,

"तुला ठावं व्हतं."

खोटं बोलायला जागा नव्हती. "व्हय मामा."

"कवापासनं?"

"त्याच येळला. भट्टीत."

"मग बोलला न्हाईस."

"तुमी आगीपाशी बसला व्हता."

"तू न्हवतास बसला आगीपाशी. तुला दोन पाय व्हते."

 माझं नवं लग्न होतं, धुकं होतं, थंडी होती, आणि मोठा माणूस म्हणाला होता की पाखरू आहे. त्या दिवशी मला ते बरं वाटलं होतं. त्यानं जळू दगडावर ठेवली, मारली नाही. पायातनं रक्ताची रेघ निघाली ती त्यानं थुंकी लावून पुसली.

"माझंबी तसंच," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मलाबी ठावं व्हतं. घाणा शेवटाला आल्ता." मग ओढ्याकडं बघत राहिला. "त्या पाखरांनी मातूर काय केलं व्हतं, सांग. ती तवा बोलतबी न्हवती."

इरोमी आली. ओले हात झटकत म्हणाली, "सीया, त्या जातीची रोपं मिळाली तर लावाल तिथं?"

"फळायला किती वरसं लागत्यात?"

"पंधरा-वीस."

"म्या लावीन. बघायचं कुनी त्ये तू बघ."

"आणि पाखरं येतीलच असं नाही, हे मी आधीच सांगते."

"बरं केलंस सांगितलंस," मामा म्हणाला. "हितं कुनी आधी सांगत न्हाई."

घरी पोचलो तर ऊन डोक्यावर होतं. नेन्दानं दारातनंच विचारलं, "घातली का हू ह्यांनी?"

"घातली," इरोमी म्हणाली. "पण बोललं नाही कुणी."

नेन्दाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिनं मामाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नजर चुकवली. तिला सगळं कळलं असावं. बायकांना अशा गोष्टी तोंडावरनं कळतात. आणि मला वाटतं, ठाऊक तर तिलाही पहिल्यापासून होतं. ती डाव घेऊन आत गेली आणि भात वैरला.

मामानं अंगणातलं मडकं उचललं, आतून धुराची धग दिली, कोयता दगडावर चार वेळा फिरवला, धार अंगठ्यानं बघितली. माडाचा तुरा दुपारी एकदा बघावा लागतो. काप सुकला की रस थांबतो, आणि एकदा थांबला की तो तुरा गेला. तो बांबूची शिडी चढून वर गेला. पानांत त्याचे नुसते पाय दिसत होते.

इरोमीनं पिशवी आवरली. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला निघालो. बांधापाशी पोचलो असू, तेव्हा मागून नेन्दाची हू आली. जेवणाची. खणखणीत, शेवटाला उठणारी.

इरोमी थांबली. मीही थांबलो. वर माडात काही हललं नाही. एवढा वेळ गेला की मला वाटलं, आज उलटी हू येणार.

मग मडक्यावर कोयत्याची मूठ वाजली. टक टक. आणि पाठोपाठ तुरा कापल्याचा आवाज, पातळ, एकसारखा काप.